डाव्या धारेचा चाकू : एका वारशाचं प्रकरण

आजोबा माघात गेले. वय ९१. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी माळा साफ करायला काढला, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला एक मिटायचा चाकू सापडला. त्या चाकूवरून आमच्या घरात पुढे चार महिने जे झालं ते इथे क्रमाने लिहून ठेवते आहे. या प्रकरणात मी स्वतः एक पक्ष होते, आणि माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. म्हणून जमेल तितकं नेमकं लिहिते.

आमची वाडी रत्नागिरी तालुक्यातली. घराभोवती हापूसची चाळीसेक झाडं, मागे काजू. पण आजोबांची ओळख बागायतदार म्हणून कमी आणि कलमं बांधणारा म्हणून जास्त होती. त्यांच्या तरुणपणी आंब्याचं भेट कलम करत. कुंडीतलं रोप झाडाच्या फांदीपाशी टांगायचं, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायची आणि दोन-तीन महिने वाट बघायची. नंतर कोय कलम आलं. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ निघालं, त्यांनी या पद्धतीचा कोकणभर प्रसार केला. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना सुरू झाली आणि कलमांना एवढी मागणी आली की आजोबा जून ते ऑगस्ट घरी फक्त झोपायला येत. रोपवाटिकेत शेकड्यावर काम असे. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या खिशात हा चाकू होता.

चाकू

पातं जेमतेम तीन इंच, आणि मूळच्या रुंदीच्या निम्म्याने उरलेलं. चाकू मिटला की धार मुठीत खोल बुडायची, कारण वर्षानुवर्षं निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घासून पातं झिजलेलं. नख घालून उघडायची खाच आता जवळजवळ धारेला टेकली होती. मूठ काळी, शिंगाची. पात्याच्या बुडाशी इंग्रजी अक्षरांचा ठसा होता, त्यातलं ‘शेफील्ड’ एवढंच लागत होतं. पातं चकचकीत नव्हतं, काळंनिळं होतं. न गंजणारं पोलाद हॅरी ब्रेअर्लीने त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली काढलं, पण खिशातले चाकू त्यानंतरही पुष्कळ वर्षं साध्या, गंजणाऱ्या पोलादाचेच होत असत. आमचा त्यातला. अशा पात्याला आंब्याचा आणि काजूचा चीक लागत राहिला की लोखंडावर काळी झिलई धरते. ती दिसायला मळकट असते, पण तांबड्या गंजाला काही प्रमाणात अडवते. ही झिलई हा त्या चाकूचा एक भागच होता. आणि पातं जिथे मुठीत शिरतं त्या खाचेत कुंकू अडकलेलं होतं. दरवर्षी खंडेनवमीला कोयता, कुदळ, पहार यांच्याबरोबर हा चाकूही पाटावर असायचा.

दोन शंका काकांनी त्याच दिवशी काढल्या. पहिली अशी, की मूठ सांबरशिंगाची असली तर वनखात्याचं काही लागेल का? शंका रास्त होती. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची वस्तू, हस्तिदंत म्हणा, वारसाने हाती आली तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवावं लागतं. आमची मूठ भिंगाखाली पाहिली. सांबरशिंग हाडासारखं असतं, वरून खडबडीत, खोबणीचं, आतून सच्छिद्र. ही मूठ कडेला नखासारखी थराथराने सुटत होती. म्हशीचं शिंग. ती शंका मिटली. दुसरी लायसनची. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट आहे, आणि शेतीच्या, घरकामाच्या हत्यारांना त्यातूनही वगळलेलं आहे. तीन इंची कलमाच्या चाकूला काही लागत नाही.

कोणाचा

आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आजी त्यांच्या आधी गेली. मागे तीन मुलं: माझे बाबा, काका आणि आत्या. जमिनीचं काम एप्रिलमध्येच उरकलं होतं. वारस नोंद झाली, आत्याने दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, फेरफार मंजूर झाला, सातबारावर दोन भावांची नावं लागली. कोकणात घरोघर असंच होतं, आणि आमच्याही घरात त्याबद्दल एक शब्द निघाला नाही.

चाकूबद्दल मात्र तीन मतं होती. काकांचं म्हणणं, वाडवडिलांची वस्तू आहे, देवघरातल्या फळीवर राहू दे. माझा चुलतभाऊ शहरात नोकरीला. त्याला तो काचेच्या पेटीत लावून हॉलमध्ये हवा होता. इंग्लंडच्या जुन्या चाकूंना मोठी किंमत येते असंही त्याने ऐकलं होतं. तिसरी मी. मी कृषी पदविका केलेली, पुण्याजवळ एका रोपवाटिकेत काम करते, कलमं बांधते. चाकू मलाच मिळायला हवा, आजोबांचं काम पुढे नेणारी या घरात मी एकटीच, असं मी ठामपणे बोलून दाखवलं. आत्याचं नाव त्या दिवशी कोणीही घेतलं नाही. मीही नाही. हे लिहिताना आज मला फार वाईट वाटतं.

कायद्याने पाहिलं तर त्या तिघांपैकी दोघे, म्हणजे चुलतभाऊ आणि मी, वारस नव्हतोच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडील हयात असताना नातवंडांचा नंबर लागत नाही. मुलगे आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस आणि तिघांचा हिस्सा सारखा. हक्कसोडपत्र त्यात लिहिलेल्या मिळकतीपुरतं असतं. आमच्या कागदात गट नंबर होते, घर होतं, विहीर होती. भांडीकुंडी, ट्रंक, चाकू यांचा उल्लेख नव्हता. म्हणजे चाकूचा तिसरा हिस्सा आत्याचा होता आणि तो तिने कुठेही सोडलेला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं ते जुलैत.

धारवाल्याकडे

मेच्या अखेरीस चुलतभाऊ चाकू घेऊन शहरात गेला. कोणाला न विचारता नेला असं नाही, काकांनीच ‘जरा साफ करून आण’ म्हटलं होतं. त्याने तो सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे दिला. जूनमध्ये तो परत आला तेव्हा पातं आरशासारखं होतं, मुठीला व्हार्निश होतं, ठशातलं ‘शेफील्ड’ पुसलं गेलं होतं आणि टोकाकडे चार-पाच मिलिमीटरचा निळा डाग होता.

वाडीतल्या लोहारदादांना दाखवला. त्यांनी डागावर नख फिरवलं आणि म्हणाले, “टोकाचं पाणी उतरलंय.”

पोलादाला पाणी देणं म्हणजे ते लाल तापवून एकदम थंड करणं, की ते कडक होतं. मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने गरम करतात. साध्या पोलादाच्या चाकूला ही दुसरी आच साधारण दोनशे-सव्वादोनशे अंशांपर्यंत देतात, पृष्ठभागावर गवताच्या काडीचा पिवळा रंग येईतो. तीनशेच्या आसपास रंग निळा होतो आणि पोलाद मऊ पडतं. कोरड्या चाकावर पातळ टोक टेकवलं की काही सेकंदांत ते तिथवर पोचतं. निळा रंग पुसता येतो, पण गेलेलं पाणी परत येत नाही. तो भाग झिजवून काढायचा किंवा सगळं पातं नव्याने तापवायचं, एवढेच दोन उपाय. आणि इतकं झिजलेलं पातं भट्टीत घातलं तर वाकण्याची भीती.

धारवाल्याला मी दोष देत नाही. स्वयंपाकघरातली सुरी जशी करतात तशीच त्याने केली, दोन्ही बाजूंनी धार काढून, चकचकीत करून. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हा चाकू कशाचा आहे.

नुकसान खरं तिथेच होतं. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो. दुसरी बाजू टोकापासून बुडापर्यंत सपाट. कोय कलमात दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस देठाचं रोप घेतात, शेंडा छाटून मधोमध चीर देतात. त्याच जाडीच्या कलमकाडीला, म्हणजे चांगल्या झाडावरून आणलेल्या काडीला, खालून चार-पाच सेंटिमीटरची पाचर करतात, ती चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधतात. पाचरीची दोन्ही अंगं आरशासारखी सपाट हवीत. सालीखालचा हिरवा थर दोन्हीकडचा एकमेकांना चिकटला तरच जोड धरतो. मध्ये फट राहिली की काडी वाळते किंवा बुरशी येते. दोन्ही बाजूंनी उतार असलेलं पातं लाकडात सरळ जात नाही. ते किंचित वर उचललं जातं आणि काप फुगीर होतो. डोळ्याला ते कळतही नाही. महिन्याभराने काडी काळी पडते तेव्हा कळतं.

चाकू पाहून मी चुलतभावाला फोनवर फार बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, मला वाटलं आजोबांचा चाकू चमकायला हवा.” पुढचे काही दिवस आम्ही बोललो नाही. पण भांडणातून एक गोष्ट सुटली. ठसा गेल्यामुळे किमतीचा विषय संपला आणि काकांनी दुरुस्तीसाठी चाकू माझ्याकडे दिला.

उलटा उतार

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी काम सुरू केलं. साधनं साधी: जाड काचेवर चिकटवलेला चारशे नंबरचा पॉलिश पेपर, एक तेलाचा दगड, पाणी, आणि भिंग. विजेचं काही नाही. बोटाला ऊब जाणवली की थांबायचं, हा एकच नियम. आधी टोक मागे घेतलं. निळ्याचा बराचसा भाग तीन संध्याकाळींत गेला.

मग प्रश्न आला तो सपाट बाजू कोणती करायची याचा. मला तो प्रश्न वाटलाच नाही. माझा रोपवाटिकेतला चाकू शेजारी ठेवला, त्याची सपाट बाजू बघितली आणि तशीच आजोबांच्या चाकूची बाजू काचेवर टेकवून घासायला सुरुवात केली. पाच-सात वेळा घासून पुसून बघितलं. ओरखडे पात्याच्या मधोमध पडतच नव्हते, फक्त धारेशी आणि पाठीशी पडत होते. म्हणजे ती बाजू खोलगट होती, कधीच सपाट केलेली नव्हती. पातं उलटवून दुसरी बाजू टेकवली, तर ती धारवाल्याची पट्टी सोडून सगळीकडे काचेला बसली.

भिंगातून बुडाकडे पाहिलं. चाकाचा दगड मुठीला अडल्यामुळे बुडाशी सहा-सात मिलिमीटर जुनी धार तशीच राहिली होती. तिथे उतार स्पष्ट होता, एकाच बाजूला, आणि तो माझ्या चाकूच्या बरोबर उलटा.

पाचर करताना पात्याची सपाट बाजू राखायच्या लाकडावर टेकलेली असते, उतार फेकायच्या ढलपीकडे असतो. उजव्या हाताने कापणाऱ्याचा आणि डाव्या हाताने कापणाऱ्याचा उतार म्हणूनच उलट असतो. कारखान्यात बनलेले चांगले कलम-चाकूही डावखुऱ्यांसाठी वेगळे मिळतात. हा चाकू मुळात कलमाचा नव्हताच, साधा खिशातला होता. त्याची एक बाजू आजोबांनी स्वतः निसण्यावर घासून सपाट केली होती, आणि ती डाव्या हातासाठी.

पण आजोबा डावखुरे नव्हते! जेवायचे उजव्या हाताने, तपकीर ओढायचे उजव्या हाताने, बँकेत सही उजव्या हाताने. बाबांना विचारलं, काकांना विचारलं. दोघांनाही आठवेना. दोघेही शिकायला लवकर बाहेर पडले, रोपवाटिकेत त्यांच्याजवळ कोणी बसलंच नव्हतं.

मी आत्याला फोन केला.

आत्या

“आत्या, आजोबा कलम कुठल्या हाताने कापायचे गं?”

“डाव्या. दुसऱ्या कुठल्या?” ती म्हणाली. आणि थोडं थांबून, “मीपण.”

मग जे कळलं ते असं. आजोबांचा डावा हात लहानपणी मारून सोडवला होता, शाळेत आणि पानावर. उरला तो कामात, जिथे कोणी बघत नव्हतं. आत्याही डावखुरी. तिलाही आजीने पानावरून किती वेळा उठवलं असेल याची गणती नाही, डाव्या हाताने वाढू नये, डाव्या हाताने देऊ नये. आजोबांनी तिला बाराव्या वर्षी रोपवाटिकेत बरोबर न्यायला सुरुवात केली, आधी पट्ट्या बांधायला, मग कापायला. घरात फक्त तिलाच तो चाकू चालायचा आणि फक्त त्यांच्याजवळ बसून तिला डावा हात वापरता यायचा. लग्न होईपर्यंत नऊ पावसाळे ती त्यांच्यासोबत बसली. शेवटच्या दोन वर्षांत दिवसाला दीडशेपर्यंत कलमं तिची होत. हिशेबात ती आजोबांच्या नावावर जात.

हे सगळं आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं, आणि कोणी ते या चाकूशी जोडलं नव्हतं.

मी तिला हक्कसोडाचं सांगितलं, की कागदात चाकू नाही, तिचा हिस्सा शाबूत आहे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “जमिनीची सही मी केली बाय, ती मनापासून केली. भाऊ तिथे राहतात, त्यांनी करावं. पण चाकूचं मला कोणी विचारलंन?”

त्या रात्री मी पॉलिश पेपर बदलला आणि दुसरी बाजू, खरी बाजू, काचेवर टेकवली. आणखी अर्धा तास मी चुकीच्या बाजूने घासत राहिले असते तर बुडाशी उरलेली ती खूणही गेली असती, आणि आजोबा कुठल्या हाताने काम करत ते सांगणारं त्या चाकूत काहीच उरलं नसतं. चुलतभावाने जे अजाणता केलं ते मी शिकलेली असून करणार होते. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून तसं सांगितलं.

धारवाल्याची दुसरी धार काढायला अकरा दिवस लागले. मुठीचं व्हार्निश काचेच्या तुकड्याने हलकेच खरवडलं. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घातले. खोबरेल घालू नये, ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकटतं. खाचेतलं कुंकू मी काढलं नाही.

जुलैअखेर

चाकू, वीस रोपं आणि आमच्याच झाडाच्या काड्या घेऊन आत्याच्या घरी गेले. काड्यांची पानं आठ दिवस आधी देठ ठेवून छाटली होती, म्हणजे डोळे फुगतात. आत्या आता ६४ वर्षांची. लग्नानंतर तिने कलमाला हात लावलेला नाही. ओटीवर गोणपाट टाकून बसली, चाकू डाव्या हातात घेतला आणि आधी अंगठा मुठीवर टेकवला. शिंगावर तिथे एक खळगा आहे. मी तो हाताळल्याची झीज समजत होते, पण माझा अंगठा त्यात कधी बसला नव्हता.

पहिल्या दोन पाचरी तिने फेकून दिल्या. तिसरी उजेडात धरून पाहिली आणि चिरेत बसवली. मग तिचा वेग वाढत गेला. मी फक्त पट्ट्या बांधत होते. मध्येच तिने माझ्या हातातलं कलम काढून घेतलं, “एवढं सैल नको गो,” म्हणून स्वतः बांधलं. चहा आला तो निवला. शेवटची सहा रोपं मी मुद्दाम त्याच चाकूने, माझ्या उजव्या हाताने बांधली. तिच्या चौदापैकी अकरा कलमं लागली. माझं एक.

गणपतीत

गणपतीला सगळे वाडीत जमले. आरतीनंतर ओटीवर मी हे सगळं मांडलं: भिंगातून काढलेले फोटो, हक्कसोडपत्राची नक्कल, आणि आत्याच्या ओटीवरून आणलेली दोन कलमं, तांबडी पालवी फुटलेली. काका बराच वेळ नक्कल वाचत बसले. कागदात चाकू नाही हे त्यांनी दोनदा वाचलं. शेवटी त्यांनी चाकू आत्याला द्यायचा म्हटलं, पण हातात दिला नाही. धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये म्हणून पाटावर ठेवला, तिने पाटावरून उचलला. डाव्या हाताने उचलला. कोणी काही म्हणालं नाही.

काचेची पेटी रद्द झाली. चुलतभावाने ट्रंकेतली चिंधी मागितली, ती त्याला दिली. मी एका कागदावर माहिती लिहून चाकूसोबत ठेवली आहे: सपाट बाजू कोणती, चाक लावायचं नाही, काम झालं की चीक पुसायचा, पावसाळ्यात चामड्यात गुंडाळून ठेवायचा नाही कारण चामडं ओल धरतं. टोकाशी निळ्याचा एक पुसट ठिपका अजून आहे. तो काढायचा तर आणखी मिलिमीटरभर पातं जाईल, आणि घालवायला तेवढं पातं उरलेलं नाही. ठसा गेला तो गेलाच.

एक गोष्ट ठरायची राहिली. आत्यानंतर चाकू कोणाकडे? तो पुन्हा वाडीत यावा असं काकांना वाटतं, आणि तसं लिहून घ्यावं असंही. आत्याची मुलं उजव्या हाताची. आत्याने अजून उत्तर दिलेलं नाही. खंडेनवमीला तिने चाकू पाटावर मांडल्याचा फोटो पाठवला, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काजूची तीस रोपं मागवली.